जलतट विकास, नागरी
जलतट विकास, नागरी : समुद्र, खाडी, नदी किंवा सरोवर यांच्या काठी वसलेल्या शहरातील गोद्या, वखारी, रेल्वेयार्डे व कारखाने यांनी व्यापलेली आणि कालांतराने निरुपयोगी ठरलेली जमीन निवास, व्यापार, करमणूक व सार्वजनिक वावर यांसाठी पुन्हा उपयोगात आणण्याच्या प्रक्रियेस नागरी जलतट विकास म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही प्रक्रिया जगातील बहुतेक मोठ्या बंदर-शहरांत सुरू झाली. तीतून शहरा-शहरांमध्ये एक नव्या प्रकारची चढाओढ निर्माण झाली. बंदरांची जुनी स्पर्धा मालाची चढउतार व जकात यांवरून होत असे. नवी स्पर्धा काठावरील उद्याने, पादचारी मार्ग, उंच निवासी मनोरे आणि त्यांतील सदनिका विकत घेणारे देशोदेशींचे धनिक यांवरून होते. या स्पर्धेचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे कॅनडातील व्हँकूव्हर व टोराँटो ही शहरे होत. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे त्यांचाच विचार केला असून तुलनेसाठी शिकागो व अन्य काही शहरांचा निर्देश केला आहे.

जलतटावरील जमीन मोकळी होण्याचे प्रमुख कारण नौकानयनातील तांत्रिक बदल हे होय. एप्रिल १९५६ मध्ये माल्कम मक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज मालाने भरलेल्या पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेले. त्यानंतरच्या वीस वर्षांत पेटीबंद मालवाहतुकीचा सर्वत्र प्रसार झाला. या जहाजांना खोल पाणी व पेट्या रचण्यास विस्तीर्ण पटांगण लागते. शहराच्या मध्यभागी असलेल्या अरुंद धक्क्यांवर यांपैकी काहीच उपलब्ध नव्हते. परिणामी न्यूयॉर्कचा व्यापार न्यू जर्सीकडे, सॅन फ्रॅन्सिस्कोचा ओकलंडकडे, तर लंडनचा टिलबरीकडे गेला. मुंबईच्या बाबतीत हेच स्थित्यंतर न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाल्यावर (१९८९) घडले. मागे राहिलेली जमीन बहुधा बंदर-न्यास, रेल्वे कंपनी किंवा सरकार यांच्या, म्हणजे एकाच मालकाच्या हाती होती. शहराच्या मध्यभागी अशी सलग जमीन एरवी मिळणे अशक्य. त्यामुळे ती मोलाची ठरली आणि तंट्याचीही.

पहिली यशस्वी उदाहरणे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आहेत. बॉस्टन येथील क्विन्सी मार्केटच्या जुन्या इमारतींचा जीर्णोद्धार १९७६ मध्ये झाला आणि बॉल्टिमोरच्या अंतर्गत बंदरात ‘हार्बरप्लेस’ ही बाजारपेठ १९८० मध्ये सुरू झाली. दोन्हींमागे जेम्स राउस हा विकासक होता. दुकाने, उपाहारगृहे, मत्स्यालय व फरसबंद काठ असा हा साचा पुढे अनेक शहरांनी जसाच्या तसा उचलला. एखाद्या शहराने दुसऱ्याची नक्कल केली, की दोन्हींचे वैशिष्ट्य नाहीसे होते, हे मात्र फारसे कोणी लक्षात घेतले नाही. खुद्द हार्बरप्लेस पुढे डबघाईस आले आणि २०१९ मध्ये तेथे न्यायालयाला प्रशासक नेमावा लागला. न्यूयॉर्कमधील बॅटरी पार्क सिटी हा सु. ३७ हेक्टरांचा भराव वेगळ्या विचाराने वसविण्यात आला. अलेक्झांडर कूपर व स्टँटन एक्स्टट यांच्या १९७९ च्या आराखड्याने मॅनहॅटनचेच रस्ते पाण्यापर्यंत वाढविले आणि काठ सर्वांसाठी खुला ठेवला. लंडनमध्ये १९८१ साली गोदी विकास निगम स्थापन होऊन कनेरी वॉर्फ हा प्रचंड प्रकल्प हाती घेण्यात आला. १९८७ मध्ये तो टोराँटोच्या राइखमान बंधूंच्या ‘ऑलिंपिया अँड यॉर्क’ या कंपनीकडे आला. तेथील २३५ मी. उंचीचा ‘वन कॅनडा स्क्वेअर’ हा मनोरा १९९१ मध्ये पूर्ण झाला आणि पुढच्याच वर्षी कंपनीचे दिवाळे वाजले. स्वतःच्या शहराचा जलतट रखडलेला असताना टोराँटोचे बांधकाम-व्यावसायिक न्यूयॉर्क व लंडन येथील जलतट घडवीत होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

कायद्याची पार्श्वभूमी : उंच निवासी मनोऱ्यांचा प्रसार केवळ पोलाद व काँक्रीट यांच्या बळावर झाला नाही. जमिनीपासून सुटी असलेली, हवेतील एक सदनिका स्वतंत्र मालमत्ता म्हणून विकता व गहाण ठेवता येणे ही त्याची पूर्वअट होती. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १९६१ मध्ये यासाठी स्तर-हक्क कायदा केला. त्याच धर्तीवर ब्रिटिश कोलंबियात १९६६ मध्ये कायदा झाला. आँटॅरिओ प्रांताचा कायदा १९६७ चा आहे. अशा मालकीस उत्तर अमेरिकेत ‘कॉन्डोमिनियम’ किंवा थोडक्यात ‘काँडो’ म्हणतात. सदनिका प्रत्येकाची स्वतःची आणि जिने, उद्वाहक, गच्ची, बाह्य भिंती व जमीन यांत सर्वांचा अविभक्त हिस्सा, असे तिचे स्वरूप असते. महाराष्ट्रात रूढ असलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत इमारत व जमीन संस्थेच्या नावे असते आणि सभासदास भागधारक म्हणून सदनिकेचा ताबा मिळतो. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियमाने येथेही काँडोसारख्या मालकीची वाट मोकळी केली. काँडो पद्धतीचा एक परिणाम दूरगामी ठरला. इमारत उभी राहण्यापूर्वीच नकाशावर सदनिका विकून ठेवी गोळा करता येऊ लागल्या व त्यांच्या आधारे बँकांकडून कर्ज मिळू लागले. त्यामुळे राहू इच्छिणाऱ्या कुटुंबाइतकाच, किंबहुना अधिकच, गुंतवणूकदार हा विकासकाचा ग्राहक बनला आणि सदनिकांचा आकार, रचना व संख्या त्याच्या सोयीने ठरू लागली.

व्हँकूव्हर : पॅसिफिक किनाऱ्यावरील या शहराचा मध्यभाग एका लहानशा द्वीपकल्पावर आहे. त्याच्या उत्तरेस बरार्ड खाडी व दक्षिणेस फॉल्स क्रीक हा समुद्राचा अरुंद फाटा आहे. फॉल्स क्रीकच्या दोन्ही काठांवर लाकूड कापण्याच्या गिरण्या, कारखाने व कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेची यार्डे होती आणि पाणी अत्यंत गलिच्छ झालेले होते. १९६० नंतरच्या दशकात शहरातून उन्नत द्रुतगती मार्ग काढण्याची योजना पुढे आली. तीत चिनी वस्तीचा मोठा भाग नष्ट होणार होता. तेथील रहिवाशांनी केलेल्या प्रखर विरोधामुळे योजना बारगळली. तिचा केवळ एक अंश, जॉर्जिया व डन्समूर हे पूल, १९७२ मध्ये बांधून झाला. त्याच वर्षी नगरपालिकेत सत्तांतर होऊन सुधारणावादी गट निवडून आला. व्हँकूव्हरच्या काठावर आज जे आढळते, त्याची पाळेमुळे या न बांधल्या गेलेल्या रस्त्यात आहेत.

नव्या नगरपालिकेने फॉल्स क्रीकच्या दक्षिण काठावर कमी उंचीच्या घरांची वसाहत उभारली. तीत निम्न, मध्यम व उच्च उत्पन्नाच्या कुटुंबांना साधारण सारखे स्थान देण्यात आले. जमीन नगरपालिकेने स्वतःकडे ठेवून भाडेपट्ट्याने दिली. लगतच्या ग्रॅनव्हिल बेटावरील जुन्या कारखान्यांच्या पत्र्याच्या इमारती न पाडता त्यांत मंडई (१९७९), कलाशाळा व रंगमंदिरे सुरू करण्यात आली. सिमेंटचा एक कारखाना तर तेथे तसाच चालू राहिला. बॉल्टिमोरच्या कोऱ्या करकरीत बाजारपेठेपेक्षा हा प्रयोग अधिक टिकाऊ ठरला.

उत्तर काठाची कथा निराळी आहे. तेथील रेल्वेची जमीन १९८० मध्ये प्रांतिक सरकारने घेतली व तीवर १९८६ चे जागतिक प्रदर्शन भरविण्यात आले. मे ते ऑक्टोबर या काळात प्रदर्शनास सु. २·२ कोटी भेटी नोंदल्या गेल्या. प्रदर्शन संपल्यावर सु. ८० हेक्टरांचा हा सबंध पट्टा १९८८ मध्ये हाँगकाँगचे उद्योगपती ली का-शिंग यांच्या ‘काँकर्ड पॅसिफिक’ या कंपनीस एकगठ्ठा विकण्यात आला. किंमत सु. ३२ कोटी कॅनेडियन डॉलर होती व ती दीर्घ मुदतीच्या हप्त्यांनी द्यावयाची होती. ती फार कमी असल्याची टीका तेव्हापासून होत आली आहे. त्याच वर्षी एका प्रकल्पातील सदनिका हाँगकाँगमध्येच विकल्या गेल्याने शहरात गदारोळ माजला. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे जाणार असल्याने तेथील सुखवस्तू कुटुंबे कॅनडाकडे वळत होती आणि त्यांना दाट वस्तीतील उंच इमारतींत राहण्याचा सराव होता, ही या व्यवहारामागील पार्श्वभूमी होय.

कंपनीच्या पहिल्या आराखड्यात काठ कापून पाण्याने वेढलेली बेटे निर्माण करण्याची कल्पना होती. नगरपालिकेने ती अमान्य केली आणि शहराचे रस्ते पाण्यापर्यंत सरळ न्यावेत, काठ सलग व सार्वजनिक राहावा, असा आग्रह धरला. रे स्पॅक्समन यांनी घालून दिलेल्या शिस्तीवर लॅरी बीझली व अ‍ॅन मकॅफी या नगररचनाकारांनी पुढील धोरण उभारले. १९९१ च्या मध्यवर्ती क्षेत्र योजनेने कार्यालयांसाठी राखलेली बरीच जमीन निवासाकडे वळविली. जमिनीचे बाजारमूल्य वाढविणारी परवानगी हवी असेल, तर विकासकाने त्या बदल्यात उद्याने, बालसंगोपन केंद्रे, शाळेसाठी जागा व काठावरील पदपथ द्यावा, असा दंडक घालण्यात आला. दर हजार रहिवाशांमागे सु. १·१ हेक्टर उद्यान, एकूण सदनिकांपैकी पाव हिस्सा मुलाबाळांच्या कुटुंबांस योग्य आणि पाचवा हिस्सा अल्प उत्पन्न गटासाठी, अशी प्रमाणे उत्तर काठासाठी ठरली. यांपैकी उद्याने वेळेवर झाली. अल्प उत्पन्न गटासाठी राखलेले अनेक भूखंड मात्र सरकारी अनुदान आटल्यामुळे दशकानुदशके रिकामे राहिले.

याच काळात व्हँकूव्हरच्या विशिष्ट इमारतीचा नमुना तयार झाला. खाली तीन-चार मजल्यांची, रस्त्यालगत दारे असलेल्या घरांची किंवा दुकानांची बैठी रांग आणि तिच्या पाठीमागे थोडा सरकवून उभारलेला सडपातळ काचेचा मनोरा, असे त्याचे रूप असते. मनोऱ्याच्या प्रत्येक मजल्याचे क्षेत्रफळ सु. ६०० चौ. मी. इतके मर्यादित असते आणि दोन मनोऱ्यांत सु. २४ मी. अंतर ठेवले जाते. त्यामुळे रस्त्यावरून चालणाऱ्यास मानवी प्रमाणाची वस्ती दिसते व वरच्या मजल्यांतील रहिवाशांना उजेड, वारा व डोंगराचे दर्शन मिळते. जेम्स चेंग प्रभृती वास्तुशिल्पज्ञांनी हा नमुना परिष्कृत केला. उत्तरेकडील पर्वतरांगा शहरातून दिसत राहाव्यात म्हणून १९८९ मध्ये काही दृश्यपट्टे निश्चित करून त्यांत येणाऱ्या इमारतींच्या उंचीवर बंधन घालण्यात आले. २०२४ मध्ये त्यांपैकी काही शिथिल झाले. स्टॅन्ली उद्यानाभोवती १९१७ पासून बांधली जात असलेली सागरभिंत या नव्या काठाला जोडली गेल्याने पायी व सायकलने फिरण्यास सु. २८ किमी. लांबीचा अखंड मार्ग झाला. नगररचनाशास्त्रात या साऱ्या पद्धतीस ‘व्हँकूव्हरवाद’ असे नाव पडले आहे.

टोराँटो : आँटॅरिओ सरोवराच्या उत्तर काठावरील या शहराचा मूळ किनारा आजच्या फ्रंट स्ट्रीटपाशी होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रेल्वेसाठी भराव टाकण्यात आल्याने तो दक्षिणेकडे सरकत गेला. १९११ मध्ये स्थापन झालेल्या बंदर आयोगाच्या योजनेनुसार पूर्वेकडील अ‍ॅशब्रिज उपसागराची विस्तीर्ण दलदल बुजविण्यात आली आणि डॉन नदीचे मुख काटकोनात वळवून एका सिमेंटच्या कालव्यात सोडण्यात आले. पुढे १९५५ ते १९६६ या काळात गार्डिनर हा उन्नत द्रुतगती मार्ग काठाला समांतर बांधला गेला. व्हँकूव्हरने टाळलेली चूक टोराँटोने अगोदरच करून ठेवली होती. रेल्वेचे रूळ व हा मार्ग यांच्या दुहेरी भिंतीमुळे सरोवराकाठी राहूनही शहराला सरोवर दिसेनासे झाले.

ऑक्टोबर १९७२ मध्ये, सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर, केंद्र सरकारने मध्यवर्ती काठावरील सु. ४० हेक्टर जमीन ‘हार्बरफ्रंट’ या सार्वजनिक प्रकल्पासाठी देण्याची घोषणा केली. सांस्कृतिक कार्यक्रम उत्तम होऊ लागले, पण त्यांचा खर्च भागविण्यासाठी विकासकांना भूखंड दिले जाऊन काठावर एकामागून एक इमारती उठल्या. नागरिकांच्या तक्रारींमुळे १९८७ मध्ये बांधकामास स्थगिती द्यावी लागली. माजी महापौर डेव्हिड क्रॉम्बी यांच्या अध्यक्षतेखाली १९८८ मध्ये शाही आयोग नेमण्यात आला. १९९२ च्या त्याच्या अंतिम अहवालाने काठाकडे केवळ स्थावर मालमत्ता म्हणून न पाहता नदीखोरी, दलदली व मानवी वस्ती यांची एक परिसंस्था म्हणून पाहिले. या विषयावरील सरकारी अहवालांत त्याचे स्थान बरेच वरचे आहे.

टोराँटोच्या दिरंगाईची कारणे मुख्यतः प्रशासकीय होती. जमीन केंद्र, प्रांत, नगरपालिका, बंदर आयोग व रेल्वे कंपन्या यांत विभागलेली होती आणि कोणाचाच शब्द अखेरचा नव्हता. शिवाय नगररचनेच्या निर्णयांवर आँटॅरिओ म्युनिसिपल बोर्ड या प्रांतिक न्यायाधिकरणाकडे अपील होऊ शके व ते नगरपालिकेचा नकार अनेकदा फिरवीत असे (हे न्यायाधिकरण २०१८ मध्ये बरखास्त झाले, त्याची जागा २०२१ पासून आँटॅरिओ भूमि न्यायाधिकरणाने घेतली आहे). याउलट व्हँकूव्हरला १९५३ पासून स्वतंत्र सनद आहे. तेथील नगररचना संचालकास विकासकाशी वाटाघाटी करण्याचा मोठा स्वेच्छाधिकार असून त्यावर असे अपील नाही. दोन शहरांच्या काठांत जो फरक दिसतो, त्याचे श्रेय अभिरुचीपेक्षा या कायदेशीर फरकास अधिक द्यावे लागते. टोराँटोचे अभिमानी व्हँकूव्हरला ‘सुंदर पण झोपाळू’ ठरवितात व व्हँकूव्हरचे लोक टोराँटोवर ‘पैसा आहे, पण नजर नाही’ असा आक्षेप घेतात. या दोन्ही समजुतींत तथ्यांश थोडाच आहे.

ऑलिंपिक क्रीडासामने मिळविणे हे या स्पर्धेतील एक साधन होते. १९९६ चे सामने टोराँटोच्या हातून अटलांटाने घेतले आणि २००८ चे बीजिंगने (२००१). व्हँकूव्हरला मात्र २०१० चे हिवाळी सामने मिळाले (२००३). विशेष म्हणजे पराभवाचा टोराँटोस लाभ झाला. दाव्याच्या तयारीतून आलेल्या शिफारशींनुसार तिन्ही सरकारांनी प्रत्येकी ५० कोटी डॉलर देण्याचे ठरवून २००१ मध्ये जलतट पुनरुज्जीवन निगम स्थापन केला होता, तो कायम राहिला. ‘आधी उद्याने, मग इमारती’ हे सूत्र या निगमाने स्वीकारले. लाटांच्या आकाराचे लाकडी धक्के, साखर कारखान्यासमोरील शुगर बीच (२०१०) आणि झाडांच्या रांगांनी सजविलेला क्वीन्स की हा रस्ता (२०१५) ही त्याची कामे वाखाणली गेली. जिंकलेल्या व्हँकूव्हरला फॉल्स क्रीकच्या आग्नेय कोपऱ्यातील क्रीडाग्रामाने आर्थिक संकटात टाकले. २००८ च्या मंदीत विकासकाचा कर्जपुरवठा आटल्यावर नगरपालिकेला स्वतः पैसा उभारून बांधकाम पुरे करावे लागले व त्या कर्जातून ती २०१४ मध्ये मुक्त झाली. सांडपाण्यातील उष्णता वापरून घरे उबदार ठेवण्याची तेथील व्यवस्था मात्र अनुकरणीय ठरली आहे.

दोन्ही शहरांची थेट तुलना एका ठिकाणी करता येते. व्हँकूव्हरचा उत्तर काठ वसविणाऱ्या काँकर्ड समूहानेच १९९७ मध्ये टोराँटोच्या मध्यवर्ती रेल्वेभूमीचा पश्चिम भाग घेऊन ‘सिटीप्लेस’ ही मनोऱ्यांची वसाहत उभारली. विकासक एकच, नमुनाही बराचसा तोच. फळ मात्र सारखे आले नाही. टोराँटोतील सदनिका लहान व मुख्यतः भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या होत्या आणि पहिले रहिवासी आल्यानंतर शाळा व समाजकेंद्र सुरू व्हावयास २०२० साल उजाडले. (व्हँकूव्हरच्या नव्या वस्तीतील शाळाही २००४ पर्यंत लांबली होती, हे टोराँटोवर टीका करणारे बहुधा सांगत नाहीत.) सिटीप्लेसच्या उद्यानातील तांबडी होडी ही कलाकृती व्हँकूव्हरचे लेखक-कलावंत डग्लस कूपलंड यांची आहे. त्यांनीच आपल्या शहराला ‘काचेचे शहर’ हे नाव देणारे पुस्तक लिहिले होते. २०१३ मध्ये टोराँटोने उंच इमारतींसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, त्यांत मजल्याचे क्षेत्रफळ ७५० चौ. मी. व मनोऱ्यांतील अंतर २५ मी. अशी मर्यादा आहे. व्हँकूव्हरचा प्रभाव त्यांत उघड आहे, तसाच तो थोडा सैल करण्याची व्यापारी गरजही.

शिकागो : टोराँटोची तुलना अनेकदा शिकागोशी केली जाते. दोन्ही शहरे पंचमहासरोवरांच्या काठी आहेत व २०१३ मध्ये लोकसंख्येत टोराँटोने शिकागोस मागे टाकल्याचे जाहीर झाल्यावर ही चढाओढ अधिकच रंगली. काठाच्या बाबतीत मात्र शिकागोचे अग्रेसरत्व वादातीत आहे. १८३६ च्या एका नकाशावर काठालगतची जमीन कायम मोकळी ठेवावी, अशी टीप होती. तिच्या आधारे माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने १८९० पासून वीस वर्षे खटले लढवून आजच्या ग्रँट पार्कमधील बांधकामे रोखली. त्या काळी त्याच्यावर प्रगतीचा वैरी म्हणून टीका झाली. डॅन्येल बर्नहॅम व एडवर्ड बेनेट यांच्या १९०९ च्या आराखड्याने काठावर सलग उद्यानांची कल्पना मांडली. सरोवराकाठच्या हमरस्त्यापलीकडे पाण्याच्या बाजूस केवळ एकच निवासी गगनचुंबी इमारत, ‘लेक पॉइंट टॉवर’ (१९६८), उभी राहू शकली. १९७३ च्या संरक्षक नियमाने पुढची वाट बंद केली. मनोऱ्यांच्या रचनेतही येथे धाडस दिसते : बर्ट्रंड गोल्डबर्ग यांची मक्याच्या कणसासारखी ‘मरीना सिटी’ आणि जीन गँग यांचा लहरदार सज्जांचा ‘अ‍ॅक्वा’ (२००९) हे त्याचे नमुने होत. सान्तिआगो कालात्राव्हा यांचा सु. ६१० मी. उंचीचा नियोजित पिळदार मनोरा मात्र २००८ च्या मंदीत पायातच थांबला आणि त्याचा वर्तुळाकार खड्डा अनेक वर्षे तसाच राहिला.

दोष व आपत्ती : काचेच्या मनोऱ्यांचे देखणेपण हा स्पर्धेचा दर्शनी भाग होय. ब्रिटिश कोलंबियाच्या किनारी भागात १९८० ते २००० या काळात बांधलेल्या हजारो सदनिकांच्या भिंतींत पावसाचे पाणी मुरून लाकडी सांगाडे कुजले. वळचणीविना बांधलेल्या, कोरड्या हवेत शोभणाऱ्या गिलाव्याच्या भिंती मुसळधार पावसाच्या प्रदेशात वापरल्या गेल्या, हे त्याचे मुख्य कारण. उष्णता राखण्यासाठी भिंती हवाबंद केल्याने आत शिरलेला ओलावा बाहेर पडू शकला नाही, हे दुसरे. माजी प्रांतप्रमुख डेव्ह बॅरेट यांच्या आयोगाने १९९८ मध्ये या प्रकरणी चौकशी केली व त्याच वर्षी घरमालक संरक्षण कायदा झाला. एकूण हानीचा अंदाज सु. ४ अब्ज डॉलरपर्यंत जातो. सहस्वामित्वामुळे बाह्य भिंतींची दुरुस्ती ही सर्व सदनिकाधारकांची संयुक्त जबाबदारी ठरली. ज्या कंपन्यांनी इमारती बांधल्या, त्यांपैकी अनेक विसर्जित झालेल्या होत्या. परिणामी निवृत्त वृद्ध व नवविवाहित जोडपी अशा, आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेल्या कुटुंबांवर सदनिकेच्या किमतीच्या मोठ्या हिश्श्याएवढा भार पडला आणि कित्येकांची घरे गेली. इमारतींभोवती गुंडाळलेली निळी ताडपत्री हे तेव्हा शहराचे नित्याचे दृश्य होते. टोराँटोत २०११ च्या उन्हाळ्यात अनेक नव्या मनोऱ्यांच्या सज्जांच्या काचा फुटून रस्त्यावर पडल्या. त्यानंतर प्रांताने बांधकाम संहितेत दुरुस्ती केली.

दुसरा दोष किमतींचा आहे. काठ जितका आकर्षक, तितकी त्यावरील घरे स्थानिक मिळकतीच्या आवाक्याबाहेर जातात. व्हँकूव्हर परिसरात २०१६ मध्ये परदेशी ग्राहकांवर १५ टक्के (२०१८ पासून २० टक्के) कर बसविण्यात आला. २०१७ पासून नगरपालिकेने रिकाम्या घरांवरही कर लावला आणि टोराँटोने पुढे त्याचे अनुकरण केले. १ जानेवारी २०२३ पासून केंद्रीय कायद्याने परदेशी व्यक्तींच्या घरखरेदीवर तात्पुरती बंदी आली. उत्तर अमेरिकेत सर्वाधिक याऱ्या टोराँटोच्या आकाशात दिसतात, असा बहुमान २०१५ नंतरच्या दशकात त्या शहरास वारंवार मिळाला. परंतु व्याजदर वाढताच गुंतवणूकदार मागे सरले व २०२४-२५ मध्ये नव्या सदनिकांची विक्री कित्येक दशकांच्या नीचांकावर आली.

अनुकरण व नवे प्रवाह : व्हँकूव्हरचा नमुना दूरवर गेला. वाळवंटात कालवा खोदून वसविलेली ‘दुबई मरीना’ फॉल्स क्रीकच्या धर्तीवर रचलेली असल्याचे मानले जाते आणि बीझली यांनी अबू धाबीच्या योजनेस सल्ला दिला. ऑस्ट्रेलियात सिडनी व मेलबर्न यांची जुनी ईर्षा डार्लिंग हार्बर (१९८८), मेलबर्नच्या गोद्या व बारंगारू या प्रकल्पांतून प्रकट झाली. बारंगारूचे टेकडीवजा उद्यान (२०१५) लोकांनी आपलेसे केले. त्याच पट्ट्यातील २७१ मी. उंचीचे जुगारगृह-हॉटेल (२०२०) मात्र काठ कोणासाठी, या वादाचे प्रतीक बनले.

टोराँटोच्या पूर्व काठावर ‘साइडवॉक लॅब्ज’ या गूगलच्या भगिनी-कंपनीने २०१७ मध्ये सु. ५ हेक्टरांवर संवेदक-यंत्रांनी युक्त वस्तीची योजना मांडली होती. रहिवाशांची माहिती कोणाच्या मालकीची, यावर तीव्र वाद झाला व मे २०२० मध्ये कंपनीने माघार घेतली. याच सुमारास शेजारी चाललेले काम कमी गाजले, पण अधिक महत्त्वाचे आहे. काटकोनात कोंडलेल्या डॉन नदीस सु. सव्वा अब्ज डॉलरांहून अधिक खर्चून नवे, वळणावळणाचे मुख खोदून देण्यात आले. पुराचे पाणी सामावणाऱ्या दलदली पुन्हा निर्माण करण्यात आल्या व तेथील नव्या उद्यानाचा पहिला भाग जुलै २०२५ मध्ये खुला झाला. त्यास व तेथील बेटास अनिशिनाबे भाषेतील नावे दिली आहेत. २०१७ व २०१९ मध्ये सरोवराची पातळी वाढून टोराँटोची बेटे जलमय झाली होती. व्हँकूव्हरच्या सागरभिंतीचीही ७ जानेवारी २०२२ च्या भरतीत व वादळात मोडतोड झाली.

व्हँकूव्हरमध्ये स्क्वामिश या आदिवासी राष्ट्राने २०२२ पासून बरार्ड पुलाच्या दक्षिण टोकाशी ‘सेनाक्व’ हा प्रकल्प सुरू केला आहे. येथील त्यांचे गाव १९१३ मध्ये रिकामे करविण्यात आले होते. न्यायालयीन लढ्यानंतर त्यांपैकी सु. ४ हेक्टर जमीन २००३ मध्ये परत मिळाली. राखीव भूमी असल्याने नगरपालिकेचे उंची व घनता यांचे नियम तीवर चालत नाहीत. ११ मनोऱ्यांत मुख्यतः भाड्याची सु. ६,००० घरे तेथे होत आहेत. आजूबाजूच्या काही रहिवाशांनी दाट मनोऱ्यांविरुद्ध तक्रार केली. ज्या शहराने दाट मनोऱ्यांच्या बळावर नाव कमावले, तेथे हा आक्षेप घेतला जावा, हे विसंगत खरेच.

मुंबई : मुंबईतील भरावभूमीचा इतिहास जुना आहे. बॅकबे भराव योजनेतील गैरव्यवहार १९२० नंतरच्या दशकात खुरशेद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणले. पुढे त्याच भरावावर उभ्या राहिलेल्या कार्यालयीन मनोऱ्यांच्या परिसरास त्यांचे नाव मिळाले. पूर्व किनाऱ्याचा मोठा भाग १८७३ मध्ये स्थापन झालेल्या बंदर-न्यासाकडे असून ही जमीन सु. ७०० हेक्टरांहून अधिक आहे. प्रिन्सेस गोदी (१८८०) व अलेक्झांड्रा, म्हणजे आताची इंदिरा गोदी (१९१४), यांच्यापासून शिवडीपर्यंत वखारी, जहाजमोडणीचे धक्के, तेलाच्या टाक्या व दाट झोपडवस्त्या पसरलेल्या आहेत. मुंबईकरास या बाजूचा समुद्र भाऊचा धक्का वा गेटवे ऑफ इंडिया यांसारख्या मोजक्याच ठिकाणी भेटतो. जमिनीच्या पुनर्वापराचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०१४ मध्ये समिती नेमली व त्यानंतर आराखडेही झाले. भाडेपट्ट्यांचे तंटे, बंदर-कामगार व झोपडवासी यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न, १९९१ पासून लागू असलेले किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध आणि शिवडीच्या चिखलपट्ट्यात दर हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी, या सर्वांचा मेळ घालण्याचे काम त्यांपुढे आहे.